ब्लॅक नॉनप्रॉफिट लीडर्ससाठी ग्रुप मेंटॉरशिप : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत बाल्टिमोरला एका छोट्याशा नॉनप्रॉफिटमध्ये, म्हणजे सामाजिक संस्थेत, प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर आहे, आणि माझं मुख्य काम म्हणजे सामाजिक क्षेत्रात नव्याने वर येणाऱ्या ब्लॅक लोकांसाठी जो ग्रुप मेंटॉरशिप, म्हणजे गटात बसून अनुभवी लोकांकडून मार्गदर्शन, असा प्रोग्रॅम चालतो त्याची सगळी जुळवाजुळव करणं. गणपतीत मंडळात भेटणारे काका, पुण्याहून फोन करणारी मावसबहीण, एमएसडब्ल्यू करणारी मुलंमुली, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

हे नेमकं असतं काय?

दहा-बारा जण, दोन मेंटॉर, नऊ महिने, महिन्यातून एकदा तीन तास. ढाचा एवढाच. येणारे लोक साधारण तिशी-चाळिशीतले, कोणी प्रोग्रॅम मॅनेजर, कोणी डेव्हलपमेंटमध्ये म्हणजे संस्थेसाठी निधी गोळा करणारे, आणि दरवर्षी दोनतीन तरी असे असतात की जे नुकतेच संस्थेचे प्रमुख झालेत आणि तेव्हापासून रात्री झोप लागत नाहीये. मेंटॉर पण ब्लॅकच, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं हेच केलंय. प्रत्येक गावात याचं रूप थोडं वेगळं असतं, काही ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी सगळं झूमवर, पण मुळात हेच.

ताई, तुम्ही मराठी, मग तुम्ही तिथे काय करता?

मी आत बसत नाही. हॉल बुक करणं, जेवण मागवणं, अर्ज आले की लावून ठेवणं, मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी शेजारच्या खोलीत सोय बघणं हे माझं. दार लागलं की मी बाहेर. पहिल्या वर्षी मला ते जरा लागलं होतं खरं सांगायचं तर, मी इतकं करते आणि मला आत का नाही, पण माझ्या डायरेक्टरबाईंनी शांतपणे विचारलं की सासूबद्दल बोलायला बायका जमल्या आणि नणंद येऊन बसली तर काय होईल, आणि मग मला पुढे काही विचारायची गरज पडली नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते थोडं वाचलेलं, बरंचसं लोकांनी स्वतःहून सांगितलेलं आणि बाकी दाराबाहेरून पाहिलेलं आहे.

अमेरिकेतली नॉनप्रॉफिट म्हणजे आपली एनजीओच ना?

हो आणि नाही. इथे ५०१ सी ३ नावाचं कलम आहे, त्यात नोंदणी झाली की संस्थेला आयकर नाही आणि देणगी देणाऱ्याला करात सूट, म्हणजे आपल्या ८०जी सारखं समजा. पण या एकाच छत्रीखाली गल्लीतली, गरजूंना फुकट धान्य देणारी फूड पॅन्ट्री पण येते आणि हजारो कोटींची हॉस्पिटलं, युनिव्हर्सिट्या, म्युझियम पण येतात. प्रमुखाला म्हणतात एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, थोडक्यात ईडी, धाड टाकणारी ईडी नाही (हा जोक मी दर गणपतीत करते आणि दर गणपतीत हसतात). या ईडीला नेमतं आणि काढतं ते बोर्ड, म्हणजे आपले ट्रस्टी, आणि बोर्डावरचे लोक बहुतेक वेळा बिनपगारी, पैसेवाले किंवा पैसेवाल्यांच्या ओळखीतले. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

अंगात गुण असतील तर येतील की वर, वेगळं काय शिकवायचंय?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा सूर पण ठरलेला असतो. तर ऐका. बिल्डिंग मूव्हमेंट प्रोजेक्ट नावाच्या संस्थेने २०१६ मध्ये नॉनप्रॉफिटमध्ये काम करणाऱ्या चार हजारांवर लोकांचा सर्व्हे केला. समज असा होता की गोरे नसलेले लोक वरच्या पदावर कमी दिसतात कारण त्यांना तिथे जायचं नसतं किंवा त्यांची तयारी कमी पडते. निघालं उलटंच, त्यांच्यात प्रमुख व्हायची इच्छा असलेले ५० टक्के होते आणि गोऱ्यांमध्ये ४० टक्के, शिक्षण आणि अनुभव यात सांगण्यासारखा फरक नाही. तरी प्रमुखपदावर त्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं २० टक्क्यांच्या खालीच अडकलेलं. २०१७ मध्ये बोर्डसोर्स या संस्थेने बोर्डांचा अभ्यास केला तेव्हा ८४ टक्के बोर्ड सदस्य गोरे होते आणि २७ टक्के बोर्ड तर असे की ज्यावर गोरा नसलेला एकही माणूस नाही. म्हणजे काम ज्या वस्तीत करायचं ती वस्ती ब्लॅक, आणि प्रमुख कोण हे ठरवणाऱ्या टेबलावर त्या वस्तीतलं कोणी नाही.

आता पैशाचं बघा. २०२० मध्ये ब्रिजस्पॅन आणि एकोइंग ग्रीन या दोन संस्थांनी मिळून एक रिपोर्ट काढला. एकोइंग ग्रीनच्या फेलोशिपला अर्ज केलेल्या चांगल्या चांगल्या संस्था तपासल्या तर ब्लॅक प्रमुख असलेल्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या प्रमुखांच्या संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी, आणि ज्या पैशावर कसलीच अट नाही अशी शिल्लक ७६ टक्क्यांनी कमी. हा दुसरा आकडा जास्त बोचणारा आहे. अट नसलेला पैसा म्हणजे ग्रँट, म्हणजे अनुदान, उशिरा आली तरी ज्यातून पगार होतो, छत गळायला लागलं तर दुरुस्ती होते, आणि ज्याच्या जोरावर फंडरला, म्हणजे पैसे देणाऱ्याला, नाही म्हणता येतं तो पैसा. विश्वास असला की लोक बिनअटीचा देतात, नसला की एकेका पावतीचा हिशोब मागतात.

तर शिकवायचं काही नाही असं नाही पण गुणांची कमतरता हे कारण नाही. जे कोणी सांगत नाही ते सांगायचं असतं. उदाहरणार्थ ९९० नावाचा फॉर्म. नॉनप्रॉफिट दरवर्षी सरकारकडे हा फॉर्म भरतात, तो कोणालाही बघता येतो आणि त्यात संस्थेच्या वरच्या लोकांचे पगार लिहिलेले असतात. नोकरीची बोलणी करताना आधीच्या ईडीला किती मिळत होतं हे पाच मिनिटांत कळतं. हे ज्याच्या घरात, ओळखीत कोणी या क्षेत्रात आहे त्याला विशीतच कळलेलं असतं, बाकीच्यांना पस्तिशीत, आणि तोवर कमी पगारावर सही झालेली असते.

मग एकास एक मेंटॉर द्या ना, ग्रुपची भानगड कशाला?

एक कारण साधं गणिताचं, वर पोचलेले ब्लॅक ईडी आधीच कमी, आणि प्रत्येकाकडे आठ-दहा जण मेंटॉर व्हा म्हणून मागे लागलेले असतात. पण ते खरं कारण नाही.

खरं कारण मला एका बाईंनी सांगितलं. त्या एका मोठ्या संस्थेत चार वर्षं होत्या, मीटिंगमध्ये त्या बोलल्या की शांतता, तेच दहा मिनिटांनी दुसरं कोणी बोललं की वा वा. त्यांना वाटायचं आपल्यालाच नीट मांडता येत नसेल, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने बोलण्याचा कोर्स केला. एकटा मेंटॉर असता तर त्याने म्हटलं असतं की माझ्या बाबतीतही झालंय, आणि त्यांना वाटलं असतं की समजूत घालतोय. इथे पहिल्याच दिवशी अकरापैकी नऊ जणांनी तीच गोष्ट आपापल्या ऑफिसची म्हणून सांगितली. त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, मला माझे कोर्सचे पैसे परत हवेत. आम्ही दोघी हॉलच्या बाहेर प्लेटा उचलत इतक्या हसलो की आतून कोणीतरी डोकावून गेलं.

म्हणजे एकट्याने सोसलं की ते आपल्या स्वभावाचा दोष वाटतं, दहा जणांनी एकत्र सांगितलं की कळतं ही पद्धतच आहे. एकास एक मेंटॉरशिपमध्ये आणखी एक धोका असतो, मेंटॉर चांगला असला तरी त्याचा काळ वेगळा, आणि मग उंटावरून शेळ्या हाकणं सुरू होतं, आमच्या वेळी आम्ही असं केलं वगैरे. ग्रुपमध्ये बरोबरीचा कोणीतरी लगेच म्हणतो की ते आता चालत नाही.

२०२० नंतर आलेली फॅशन आहे का ही?

पैसा २०२० नंतर आला. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाच्या हत्येनंतर कंपन्यांनी आणि फाउंडेशननी मोठमोठ्या घोषणा केल्या हे खरं. पण एकमेकांना धरून वर येण्याची ही रीत ब्लॅक लोकांकडे अमेरिकेच्या राज्यघटनेइतकी जुनी आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली, सभासद दर महिन्याला थोडे पैसे टाकायचे आणि विधवा, आजारी, अनाथ यांना मदत व्हायची. १८९६ मध्ये ब्लॅक स्त्रियांच्या क्लबांचा राष्ट्रीय संघ झाला, मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष, आणि त्यांचं ब्रीद असं होतं की आपण चढताना दुसरीलाही वर घेत जायचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती सेप्टिमा क्लार्क यांची गोष्ट. साउथ कॅरोलिनातल्या शिक्षिका. १९५६ मध्ये राज्याने फतवा काढला की सरकारी नोकरांनी एनएएसीपीचं, म्हणजे ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, सभासद राहायचं नाही, बाईंनी सभासदत्व सोडायला नकार दिला, नोकरी गेली, पेन्शन गेलं. मग त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेत पूर्णवेळ काम करायला लागल्या. तिथल्या त्यांच्या कार्यशाळेला आदल्याच वर्षी, १९५५ च्या उन्हाळ्यात, रोझा पार्क्स येऊन गेल्या होत्या, आणि १ डिसेंबर १९५५ ला त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो की दमलेली शिवणकाम करणारी बाई उठली नाही, पण ती बाई वर्षानुवर्षं एनएएसीपीचं काम करत होती आणि असल्या गोलात बसून चर्चा करून आली होती हे कोणी लिहीत नाही.

पुढे १९५७ मध्ये जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर पहिली सिटिझनशिप स्कूल सुरू झाली. मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचता येतंय का याची परीक्षा घ्यायचे, त्यासाठी हे प्रौढांचे वर्ग. शिकवायला मुद्दाम मास्तर घेतले नाहीत, बर्निस रॉबिन्सन या ब्यूटिशियन बाईंना घेतलं, आणि वर्ग दुकानाच्या मागच्या खोलीत, म्हणजे बाहेरून जाणाऱ्याला वाटावं किराणा घ्यायला आलेत. ज्या बाईच्या हातात गावातल्या बायकांची डोकी विश्वासाने असतात तिच्याकडूनच लोक शिकतील, हा त्यामागचा विचार. आम्ही मेंटॉर निवडताना आजही हेच बघतो.

आणि नागरी हक्कांच्या चळवळीतल्या एला बेकर. १९६० च्या एप्रिलमध्ये रॅले इथल्या शॉ युनिव्हर्सिटीत त्यांनी ब्लॅक लोकांना बसू न देणाऱ्या लंच काउंटरवर, म्हणजे खाणावळीत, धरणं धरणाऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र आणलं, त्यातून एसएनसीसी ही विद्यार्थ्यांची संघटना निघाली. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेतल्या लोकांना वाटत होतं की ही पोरं आपली युवा शाखा व्हावीत, बेकर स्वतः त्याच संघटनेत काम करत होत्या तरी त्यांनी पोरांना सांगितलं तुमचं तुम्ही ठरवा. एकाच मोठ्या नेत्याकडे बघत बसलेली चळवळ त्यांना पसंत नव्हती. ग्रुप मेंटॉरशिपचं मूळ विचाराल तर मी इथे बोट ठेवेन.

एक मीटिंग कशी चालते ते सांगा ना, आम्हाला कॉपी करायचंय.

करा की. आधी जेवण, कारण लोक ऑफिसमधून थेट येतात आणि उपाशी माणूस फक्त सल्ला देतो, ऐकत नाही. मग प्रत्येकाने दोन मिनिटं कसं चाललंय ते सांगायचं, यात कोणी मध्ये बोलायचं नाही. त्यानंतर पाऊण तास एखादा विषय, बजेट वाचणं, बोर्ड चेअरशी म्हणजे बोर्डाच्या अध्यक्षाशी कठीण बोलणं कसं करायचं, कोणाला कामावरून काढायचं झालं तर, असं काहीतरी.

पण खरा भाग नंतरचा, त्याला हॉट सीट म्हणतात. एक जण आपली अडचण घेऊन बसतो, पाच मिनिटांत सांगतो. पुढची दहा मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला बंद. इथेच सगळ्यात जास्त घसरतात लोक, 'तुला असं नाही का वाटत की तू राजीनामा द्यावास' हा प्रश्न नसतो हे मेंटॉरना दर वेळी सांगावं लागतं. मग तो माणूस खुर्ची फिरवून सगळ्यांकडे पाठ करून बसतो आणि बाकीचे तो तिथे नसल्यासारखे त्याच्या अडचणीवर वीस मिनिटं बोलतात, तो नुसता ऐकतो आणि लिहून घेतो. शेवटी खुर्ची वळवून यातलं काय घेतलं आणि पुढच्या महिन्यापर्यंत काय करणार ते सांगतो. पाठ फिरवायची युक्ती ऐकायला पोरखेळ वाटते, पण समोरच्याचे डोळे दिसत नसले की माणूस सफाई द्यायचं थांबवतो. एका संध्याकाळी दोनच हॉट सीट होतात, तिसरी घुसवायला गेलात तर तिन्ही वाया.

आत बोललेलं बाहेर जातं का?

नियम असा की शिकलेलं बाहेर न्या, कोणाचं ते नेऊ नका. बाल्टिमोर तसं गाव छोटं आहे हो, या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे एकाच संस्थेतले दोघं आणि बॉस-कर्मचारी अशी जोडी एका ग्रुपमध्ये आम्ही घेत नाही. पैसे देणाऱ्या फाउंडेशनचा माणूस फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी येतो, जेवतो आणि जातो. एका फंडरने एकदा सेशनचं रेकॉर्डिंग मागितलं होतं शिकण्यासाठी म्हणून. आम्ही नाही म्हटलं, ते नाराज झाले, पुढच्या वर्षी रक्कम कमी झाली. संबंध आहे की नाही देव जाणे.

मेंटॉरना पैसे देता? सेवा म्हणून नाही का करत?

देतो, मानधन ठरलेलं आहे. ब्लॅक बायकांकडून तर इथे सगळे आयुष्यभर फुकट मार्गदर्शनच मागत आलेत, जरा वेळ आहे का कॉफीला म्हणून. सहभागी लोकांना मात्र सगळं मोफत.

मेंटॉर आणि स्पॉन्सर यात काय फरक?

मेंटॉर तुमच्याशी बोलतो, स्पॉन्सर तुम्ही खोलीत नसताना तुमच्याबद्दल बोलतो. नोकऱ्या स्पॉन्सरमुळे लागतात. म्हणून आमच्या मेंटॉरना एक अट आहे की वर्षभरात प्रत्येकाची निदान एका फंडरशी किंवा बोर्ड मेंबरशी स्वतः ओळख करून द्यायची, नुसती ईमेल नाही, सोबत जाऊन.

फक्त ब्लॅक लोकांसाठी म्हणजे हे बेकायदा नाही का? उलटा भेदभाव?

कायद्याचा प्रश्न आता खरंच नाजूक झालाय. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये कॉलेज प्रवेशात वंश बघण्यावर बंदी आणली. ती केस प्रवेशापुरती होती पण तिचा धक्का लांबपर्यंत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटाच्या फिअरलेस फंडवर दावा झाला, हा फंड ब्लॅक स्त्री उद्योजकांना २०,००० डॉलरच्या ग्रँट देत होता. २०२४ च्या जूनमध्ये अपील कोर्टाने फंडाच्या विरोधात निकाल दिला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती ग्रँट बंद झाली. आणि दावा कुठल्या कायद्याखाली? १८६६ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या कलमाखाली, जो कायदा गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून केला होता. त्यांच्याचसाठी केलेली काठी त्यांच्याच पाठीत. २०२५ च्या जानेवारीपासून तर केंद्र सरकारनेच डीईआयच्या, म्हणजे विविधता आणि समावेशाच्या कार्यक्रमांच्या, विरोधात आदेश काढलेत.

त्यामुळे बऱ्याच प्रोग्रॅमनी अर्जाची भाषा बदलली, आम्ही पण वकिलाला विचारून बदलली. आता अर्जात वंश विचारत नाही, ब्लॅक वस्त्यांमध्ये काम करण्याचा अनुभव आणि बांधिलकी विचारतो, आणि अर्ज कोणीही करू शकतं. उलट्या भेदभावाबद्दल माझं मत विचाराल तर वरचा ७६ टक्क्यांचा आकडा परत वाचा आणि मग बोलू.

ब्लॅक म्हणायचं की कृष्णवर्णीय? काळे म्हटलेलं चालतं का?

मराठी पेपरात कृष्णवर्णीय लिहितात ते ठीक, कानाला जरा संस्कृत नाटकातलं वाटतं. जुन्या मराठी पुस्तकांत निग्रो असायचं, तेव्हा त्यांचे स्वतःचे नेतेही तोच शब्द वापरत, आज वापरू नका, आजोबांनाही समजावून सांगा. 'काळे' हा शब्द आपण ज्या तोंडाने म्हणतो ते तोंड आपल्याला माहीत आहे. मी ब्लॅकच म्हणते. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ठरवलं की इंग्रजीत हा शब्द मोठ्या अक्षराने लिहायचा, एका समाजाचं नाव म्हणून. देवनागरीत मोठं-छोटं अक्षरच नाही त्यामुळे आपण त्या वादातून सुटलो.

ब्लॅक लोक सगळे सारखेच असतात का? म्हणजे ग्रुपमध्ये भांडणं नाही होत?

होतात. कोणाच्या सात पिढ्या मेरीलँडच्या, म्हणजे आमच्याच राज्याच्या, मातीत, कोणाचे वडील नायजेरियातून आले, कोणी जमैकाची. कोणी हॉवर्ड-मोरहाउससारख्या ब्लॅक कॉलेजातून शिकलेला आणि कोणी जिथे वर्गात एकटाच ब्लॅक होता तिथून. 'तू इथली नाहीस, तुला नाही कळणार' हे वाक्य एकदा आत बोललं गेलं आणि त्यावर एक अख्खी मीटिंग गेली असं मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं. वयाचंही असतं, साठीच्या मेंटॉरना वाटतं सूट घालून जावं, तिशीतल्यांना वाटतं केस आहेत तसेच राहू दे.

मजेची गोष्ट सांगते. कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकेच्या लोकांत सुसु असते, दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि पाळीपाळीने एकाने उचलायचे. मी म्हटलं अहो ही तर आमची भिशी. त्या दिवसापासून ग्रुपमधल्या एक त्रिनिदादच्या बाई मला भिशीच म्हणतात, नावच पडलंय.

आपला मराठी माणसांचा याच्याशी काय संबंध?

संबंध आपण विसरलोय पण आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत होते, हार्लेम या ब्लॅक वस्तीच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का, आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिने नाव घेतलं ते कॅलिफोर्नियात ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेचं.

आणि मंडळातल्या काकांसाठी एक खास मुद्दा. १९४६ च्या कायद्याने भारतातून अमेरिकेत वर्षाला १०० लोकांना यायची परवानगी होती, अख्ख्या देशातून शंभर. ते दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा झाला त्या काळच्या नागरी हक्कांच्या चळवळीने हवा बदलली म्हणून. रस्त्यावर मार खाल्ला त्यांनी, व्हिसा मिळाला आपल्याला. मग 'आम्ही नाही का आलो स्वतःच्या हिमतीवर' म्हणताना जरा दमाने घ्यावं असं मला वाटतं. काका माझ्यावर रुसलेत, पण मोदक घेऊन गेले.

यात चुकतं कुठे? सगळं छानच का सांगता?

छान नाहीच सगळं. इथल्या संशोधकांनी दोन गोष्टींना नावं दिलीत. एक, केशिया थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेलं, ब्लॅक बाई नवीन असते तोवर सगळ्यांची लाडकी, तिला जमायला लागलं, ती स्वतःच्या मताने चालायला लागली की तीच डोईजड. दुसरं म्हणजे काचेचा कडा, मिशेल रायन आणि ॲलेक्झांडर हॅस्लम यांनी २००५ मध्ये बायकांच्या बाबतीत दाखवलं की बुडायला आलेल्या कंपनीचं सुकाणू त्यांच्या हातात देतात. ब्लॅक ईडींच्या बाबतीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या एका ग्रुपमधल्या मुलीला ईडीची ऑफर आली, आम्ही सगळे नाचलो, केक आणला. रुजू झाल्यावर कळलं की बँकेत सहा आठवड्यांचे पगार होतील एवढेच पैसे आहेत आणि बोर्डाला ते माहीत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आठ महिन्यांत बाहेर पडली, आणि बाहेर चर्चा अशी की तिला जमलं नाही. ती चूक आमचीही होती, आम्ही तिला हो म्हणायला शिकवलं होतं, हिशोब मागायला नाही. आता त्याची एक अख्खी मीटिंगच असते : हो म्हणायच्या आधी तीन वर्षांचे ९९० वाचा, ऑडिट मागा, किती महिन्यांची शिल्लक आहे ते लेखी विचारा, आधीचा प्रमुख का गेला ते त्यालाच फोन करून विचारा, आणि बोर्डावरच्या प्रत्येकाने मागच्या वर्षी स्वतःच्या खिशातून काही दिलं का ते विचारा. हे प्रश्न ऐकून जो बोर्ड चिडतो तिथे जाऊ नका.

दुसरी चूक फंडर लोकांची. माणसाला ट्रेनिंग द्यायला त्यांच्याकडे पैसे असतात, तोच माणूस संस्थेसाठी पैसे मागायला गेला की तुमची क्षमता अजून वाढायला हवी. पोहायला शिकवायचं आणि तळ्यात पाणी सोडायचं नाही. मेंटॉरशिप पैशाची जागा घेऊ शकत नाही, हे मी माझ्याच प्रोग्रॅमबद्दल म्हणतेय.

यश कसं मोजता?

फंडरला आम्ही किती जणांना बढती मिळाली, किती पगार वाढला, किती नव्या ग्रँट आल्या ते देतो. माझा स्वतःचा हिशोब वेगळा आहे, दोन वर्षांनी यातले किती जण अजून या क्षेत्रात आहेत. कंटाळून सोडून जाणारे खूप.

महाराष्ट्रात असं करता येईल?

का नाही. बचत गट चालवणाऱ्या बायकांना गोलात बसून एकमेकींचा हिशोब बघायची सवय कुठल्याही अमेरिकन माणसापेक्षा जास्त आहे. आदिवासी, दलित, भटक्या समाजातले पहिल्या पिढीचे कार्यकर्ते संस्थांत दहा-दहा वर्षं फिल्डवरच राहतात आणि प्रकल्प प्रस्ताव लिहिणारा पुण्या-मुंबईचा असतो, हे कोणाला सांगायला नको. फक्त एक करा, संस्थाचालकांना त्या खोलीत बसवू नका, ते कितीही चांगले असले तरी.

नऊ महिने संपले की पुढे काय?

आमच्याकडून काही नाही, पैसेच नसतात. पण ग्रुप चालूच राहतात, बहुतेकांचे ग्रुपमी या मेसेजच्या ॲपवर. २०२१ ची बॅच अजून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कोणाच्या तरी घरी भेटते, हॉट सीट पण करतात म्हणे, खुर्ची फिरवून. मागच्या महिन्यात मला निरोप आला की भिशी, तू ये. मी विचारलं जेवण किती जणांचं मागवू, तर म्हणाल्या काही मागवू नकोस, बसायला ये.